नवऱ्याला पाठवा म्हणे!

बेकर्सफील्डमधल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात व्हर्न रांगेत उभा होता. पुढे भावाबहिणीची जुंपली होती.

“अर्लीन, इंजिन त्या मोठ्या वर्कशॉपातच दे. शर्यतीच्या गाड्या तिथेच होतात.”

“गेले होते. बोअरिंग करून सिलिंडर किती रुंद करणार विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, नवऱ्याला पाठवा.”

“मग तो वारलाय हे सांगायचंस.”

“का सांगू? गाडी माझी आहे, रॉय. रोज मीच चालवते.”

“पण तो म्हातारा लेथवाला? पत्र्याच्या शेडमधला?”

“त्याने गेज माझ्या हातात दिला. म्हणाला, माप तुम्हीच वाचा.”

“बिघडलं तर एवढ्या जुन्या गाडीला दुसरं इंजिन मिळायचं नाही!”

“म्हणूनच त्याच्याकडे देतेय.”

काउंटरवाल्याने रॉयकडे पाहिलं. “बोला साहेब, काय देऊ?”

“साहेबांना काही नकोय,” अर्लीन म्हणाली. “मला पिस्टन हवेत. लिहून घ्या, माप मी सांगते.”