बोर्डावरची खुर्ची

लिवा, पण पयलंच सांगतो, मला मोठ्या मनाचा माणूस म्हणून लिवू नका, तसा मी नाय. जन्म माझा शहापूर तालुक्यातला, आमची बौद्धवाडी तानसा धरणाच्या बाजूला, बाप पाइपलाइनीवर मजुरीला जायचा आणि आई लोकांच्या भातलावणीला. लहान होतो तेव्हा ताप आला आणि डावा पाय गेला, पोलिओ, म्हणजे पाय हाय पण कामाचा नाय. बाप बोलला, याला शेतावर नेऊन काय करू, हा शिकणार, आणि मला खांद्यावर घेऊन शाळेत न्यायचा. पुढं कुबडी आली, कॉलेज मी कुबडीवर केलं, बी.कॉम. झालो, आमच्या वाडीतला पयला.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट, काय सांगू तुमाला, नोकरीला जिथं जाईन तिथं साहेब पयले पायाकडं बघायचा आणि मंग कागदांकडं. बसा पण कोण बोलायचं नाय. कळवतो बोलायचे, आणि कोण कळवतोय. माझ्यासाठी एक फोन करणारा कोण नव्हता तेव्हा, हे नीट लिवा. शेवटी अपंगांच्या कोट्यातून एस.टी.डी.चा बूथ मिळाला, शहापूर स्टँडाजवळ. लोक यायचे, नंबर लावून दे रे बोलायचे, मी लावायचो, कधी कोणाला बोलता यायचं नाय तर मीच बोलायचो. फोनवर पाय दिसत नाय. आवाज माझा चांगला, समोरच्याला वाटायचं कोण मोठा साहेब बोलतोय.

कॉलेजातल्या एक मॅडम फोन करायला आल्या होत्या, त्या माझं बोलणं ऐकत उभ्या राहिल्या. बोलल्या, आमच्याकडं शेवटच्या वर्षाला अपंग मुलं हायत, कुठं ट्रेनिंगला लागली तर पुढं नोकरीचं बघता येईल, तुमी कंपन्यांना फोन कराल का. मी हो बोललो. मंग माझी पद्धत अशी, पयले गोड बोलायचं, पोरगं हुशार हाय, प्रामाणिक हाय, साहेब या बोलले की मंगच सांगायचं, साहेब, कानाला जरा कमी हाय, नायतर पायाला कमी हाय. आणि मुलाला पाठवायच्या आधी मी स्वतः जायचो कुबडी घेऊन, पायऱ्या किती उंच, संडास कसला, टमटम कुठं सोडते, सगळं अंगावर करून बघायचो. मला जमलं तर त्याला जमेल.

पयला मुलगा पॅकिंगला लागला, ऐकायला कमी होता तो. त्याची आई पेढे घेऊन आली, देवमाणूस तुमी बोलली. पेढा तोंडात टाकला, गोड हाय बोललो, आणि आतून जळलो मी, सरळ सांगतो. त्या मुलापेक्षा माझे मार्क जास्त, बोलणं चांगलं, आणि मी खोक्याएवढ्या बूथात, आणि त्याला कंपनीचा डबा, कंपनीची बस, गळ्यात फोटोचं कार्ड. मंग दरवर्षी पेढे येत राहिले आणि मी दरवर्षी जळत राहिलो, आणि फोन पण करत राहिलो. दोन्ही एकदम होतं माणसाचं, तुमाला पटो न पटो.

मंग वैशाली आली. सिद्धगडाच्या पायथ्याची, आत्याकडं राहून शहापूरला शिकत होती, आणि पाय माझ्यासारखाच, डावाच. ती बूथात बसायची, मी शिकवायचो, आधी नमस्कार बोल गो, मंग कंपनीचं नाव सांग, मंग गप बस, समोरच्याला बोलू दे. मुरबाडच्या एम.आय.डी.सी.त एका कंपनीला फोनच्या बोर्डावर, म्हणजे आलेले फोन जोडून द्यायला, माणूस पायजे होता, आधी शिकाऊ, मंग कायम. मी जागा बघायला निघालो तर तिचा बाप बोलला, आमी पण येतो. आमची माणसं अशीच, मुलीला एकटीला सोडायची नाय. गेटावर वॉचमन बोलला, एकच आत जा. मी आत गेलो, ती दोघं झाडाखाली बसली.

जागा एकदम सोयीची होती. पायरी नाय, संडास शेजारी, चाकांची खुर्ची. साहेब बोलले, बसा. मी बसलो, आणि तेवढ्यात बोर्डावर लाइन आली आणि सवयीनं मी उचलली, नमस्कार बोललो, लाइन वर जोडून दिली. साहेब हसले. बोलले, आमाला असाच माणूस हवा होता, पायाचं काय नाय, इथं बसूनच काम हाय, सोमवारपासून या.

त्यांना वाटलं, नोकरीसाठी मीच आलोय.

खुर्चीचा हात मी धरून ठेवला होता. चाळिशी जवळ आली होती माझी, आणि आयुष्यात पयल्यांदा कोण मला या बोललं होतं. काचेतून गेट दिसत होतं. ती पोरगी ओढणीनं कुबडी पुसत होती, आत यायचं म्हणून. ती गेटावर नसती तर मी सोमवारी गेलो असतो, हे पण लिवा. मी उठलो, बोललो, साहेब, मी नाय, माझी विद्यार्थिनी बाहेर बसलीय, ती माझ्यापेक्षा चांगलं बोलते. ते मात्र खोटं होतं.

ती लागली, कायम झाली. त्या कंपनीत कोणासाठी फोन केला की तीच उचलायची, नमस्कार, मंग कंपनीचं नाव, मंग गप. माझंच बोलणं तिच्या तोंडून. जळायचो आणि अभिमान पण वाटायचा, पण जळणं जास्त. आता सगळ्यांकडं मोबाइल आले, बूथात कुत्रं पण येत नाय, रिचार्जची कुपनं विकतो आणि बसतो. मुलं मात्र येतात, त्यांना अजून पाठवतो.

परवा तिचा फोन आला. बोलली, दादा, मी अकाउंटला चालले, साहेबांनी वर घेतलं. बोर्डावरची जागा रिकामी होतेय, साहेब बोलले, तुझ्या ओळखीचं कोण असेल तर सांग, चांगलं बोलणारा पायजे. मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबला. बूथ बंद करायचा, शर्टाला इस्त्री करायची, सकाळची मुरबाड गाडी, सगळं माझ्या डोक्यात होऊन गेलं. आता बोलेल, दादा तुमीच या ना. तिला दुसरा कोण माहीत हाय चांगलं बोलणारा?

ती बोलली, दादा, यंदा कोण मुलगी हाय का तुमच्याकडं?

सुखी राहू दे तिला, अजून वर जाऊ दे, मनापासून बोलतो. रिसीव्हर मी दुसऱ्या कानाला लावला, तेवढ्यात ती विचारते, दादा, आवाज येतोय ना?

येतोय गो, बोललो. हाय एक मुलगी. पाठवतो.