दादाच्या काडेपेट्या

तुम्ही कधी काडेपेटीशी खेळून हरलाय का? मी हरलोय.

दादाचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा संगमनेरच्या कॉलेजातला दोस्त अरुण घरी आला. म्हणाला, "त्याच्या काडेपेट्या नेतो. त्याचं काम मी पुढं चालवीन."

मला संशय आला, हा दादाची अक्कल स्वतःच्या नावावर खपवणार.

"आदी दाखवा, काय काम हाय ते."

त्यानं पेट्या मांडल्या. खेळ चिंचोक्यांचा. ढिगातून पाळीपाळीनं एक किंवा दोन उचलायचे, शेवटचा उचलेल तो जिंकला. प्रत्येक पेटीत दादानं एक नियम लिहून ठेवलेला, इतके उरले तर इतके उचल, आणि सोबत ज्वारीचे दाणे. लागू पडणाऱ्या पेट्यांत जिच्यात दाणे जास्त, तिचं ऐकायचं. जिंकली की दाणा टाकायचा, हरली की काढायचा. दोन चांगले नियम कापून, अर्धे अर्धे जोडून दादा हायब्रीड ज्वारीसारखा तिसरा तयार करायचा.

"पेट्या आपोआप शिकतात," अरुण म्हणाला.

"तुमीच हातचलाखी करत असाल. हात पाठीमागं घ्या."

त्यानं घेतले. पेटीच्या पाळीला तिचा नियम वाचून मीच चिंचोके उचलले. मी जिंकलो.

"आता हरलेल्या पेटीतला दाणा काढ. तरच ती शिकेल."

"दादानं टाकलेला दाना मी काढू? न्हाई."

"मग पुन्हा खेळ."

शेवटी दोन चिंचोके उरले, पाळी माझी. मी एकच उचलला. उरलेला पेटीला गेला.

"दोन्ही उचलता आले असते की," अरुण माझ्याकडं रोखून बघत म्हणाला. "मुद्दाम हरलास?"

"हात पाठीमागंच ठेवा," म्हटलं, आणि पेटीत दाणा टाकला.