लाल रेघेवरच्या दोन ओळी

दिनकर : नाही, शालिनीबाई. चहा घ्या, चिवडा घ्या, पण त्या केसबद्दल इथे एक अक्षर नको. मी अपील समितीवर आहे. उद्या सुनावणी, आणि आज अर्जदार मुलगी माझ्या सोफ्यावर! कुणी पाहिलं तर?

शालिनी : चौदाव्या मजल्यावर कोण पाहतंय, दिनकरराव? खाली गेटवर गार्डनं आमचा फोटो काढला तेवढाच.

तनया : ओटीपी पण मागितला, आजोबा. आजीनं त्याला स्वतःची जन्मतारीख सांगितली.

शालिनी : आकडे मागितले, आकडे दिले. चहा तुम्ही केलात?

दिनकर : सूनबाई ऑफिसात आहे, संध्याकाळी येईल. का, बिघडलाय?

शालिनी : आहे तसा बरा आहे. केसबद्दल मी बोलतच नाहीये. मी फक्त यादी आणलीय. यमुना लीगनं स्वतः वेबसाइटवर टाकलेली, यंदाच्या मुलींच्या फुटबॉल नोंदणीची. तनयानं छापून आणली. ही बघायला काय हरकत आहे?

दिनकर : यादी मी पाहिलीय.

शालिनी : पाहिलीत. वाचलीत का? चष्मा लावा. हा आमच्या तनयाचा अर्ज, क्रमांक अकराशे सत्याऐंशी. वेळ पाच वाजून चार मिनिटं. शेरा काय, तर मुदतीनंतर आला, नामंजूर.

दिनकर : मुदत पाचची होती. नियम म्हणजे नियम.

तनया : आजोबा, आमच्या क्लबनं चार बावन्नला सबमिट दाबलं होतं. पोर्टल नुसतं गोल गोल फिरत होतं यार. कोचसरांनी त्याचा फोटोपण काढलाय.

शालिनी : थांब तू. आता खाली या, दिनकरराव. अकराशे त्र्याण्णव आणि चौऱ्याण्णव. दोघी त्या मोठ्या क्लबच्या, निळ्या बसवाल्यांच्या. मंजूर. वेळ बघा काय आहे.

दिनकर : चार एकेचाळीस.

शालिनी : क्रमांक हिच्यानंतरचा आणि वेळ हिच्या आधीची. हे कसं?

दिनकर : सर्व्हरचं काहीतरी असेल. मशीन आहे ते. मशीन कुणाचा पक्ष घेत नाही.

शालिनी : तेच म्हणतेय मी. क्रमांक मशीन टाकतं, म्हणून तो खरा. वेळ कुणीतरी मागून बसवलीय.

दिनकर : लीगच्या ऑफिसात तुम्हाला सगळे सीआयडी म्हणायचे, ते उगाच नाही. तेव्हापासून पाहतोय, तुम्हाला प्रत्येक कागदाचा वास येतो. प्यून रजेवर गेला तरी म्हणायच्या, खरंच आजारी आहे का बघून या.

शालिनी : तो सिनेमाला गेला होता.

दिनकर : ते सोडा. मोठ्या क्लबला कशाला असली चोरी करावी लागेल? त्यांच्याकडे चार कोच, एसी बस, फिजिओ. दोन मुलींसाठी ते असं करतील?

तनया : त्या दोघींपैकी एक गोलकीपर आहे, आजोबा. त्यांच्याकडे ऑलरेडी दोन आहेत, ही तिसरी. बेंचवर बसवून ठेवतील. आणि आमच्या गाझियाबादच्या टीमकडे गोलकीपर म्हणजे फक्त मी. माझं रजिस्ट्रेशन नाही झालं तर जूनपर्यंत मी कुठेच खेळू शकत नाही.

दिनकर : पुढच्या वर्षी खेळ. वय काय तुझं?

तनया : एकोणीस. तोच तर प्रॉब्लेम आहे. अंडर-ट्वेंटीचं सिलेक्शन यंदाच्या लीग मॅचेस बघून होणार. पुढच्या वर्षी मी ओव्हरएज. मतलब, संपलंच ना.

दिनकर : वाईट वाटतं गं बाळ. खरंच. पण हे सगळं उद्या समितीपुढे सांगायचं. तिथे तिघंजण बसलेले असतील, ते ऐकतील.

शालिनी : तिघंजण कोण? एक निळ्या बसवाल्यांचे माजी उपाध्यक्ष. ते काय ऐकणार ते मला ठाऊक आहे. दुसऱ्या त्या वकीलबाई. त्या कुणाचं ऐकत नाहीत म्हणे, कागद बघतात. राहिलात तुम्ही. म्हणजे निकाल तुमच्या सहीवर. म्हणून दोन मेट्रो बदलून आलेय, गुडघे धरून.

दिनकर : म्हणजे माझ्यावर दबाव आणायला आलात.

शालिनी : तुम्ही कोणत्या बाजूला आहात ते बघायला आले.

दिनकर : वा! अकरा वर्षं एका खोलीत काम केलं, आणि आज माझी परीक्षा घेताय? मग मीही विचारतो. या मुलीला माहितीय का, लाल रेघेच्या वर दोन ओळी कोण सोडायचं?

तनया : कसली रेघ?

शालिनी : दिनकरराव.

दिनकर : नाही, आता कळू दे की. आजी तिची सत्याची पुतळी होऊन आलीय ना माझ्या घरी!

तनया : आजी, काय म्हणतायत हे?

शालिनी : सांगते. त्यांनी नाही, मीच सांगते. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. लीगच्या ऑफिसात आवकचं रजिस्टर असायचं.

तनया : आवक म्हणजे?

शालिनी : बाहेरून जे कागद येतात ते. खेळाडूंचे फॉर्म आले की मी एकेक ओळीत नोंद करायची. संध्याकाळी पाच वाजले की शेवटच्या नोंदीखाली लाल शाईनं रेघ मारायची आणि हे सही करायचे. हे रजिस्ट्रार होते. रेघेखाली त्या दिवशी काही लिहायचं नाही. पाचनंतर आलेला फॉर्म दुसऱ्या दिवसाचा.

तनया : ओके. मग?

शालिनी : नोंदणीच्या शेवटच्या दिवशी हे मला सांगायचे, शालिनीबाई, रेघ जरा खाली मारा. दोन ओळी सोडा.

तनया : रिकाम्या?

शालिनी : रिकाम्या.

तनया : कुणासाठी?

दिनकर : तेव्हा निळी बस नव्हती. पण मोठा क्लब होता. त्यांचे सेक्रेटरी भला माणूस, उशिरा यायचे. मैदान त्यांच्या ओळखीनं मिळायचं, रेफ्रींचं जेवण त्यांच्याकडून. त्यांना नाही म्हटलं असतं तर लीग बंद पडली असती. तुला नाही कळायचं ते.

तनया : मला बिल्कुल कळतंय. आजी, तू सोडायचीस?

शालिनी : सोडायचे.

तनया : किती वेळा?

शालिनी : दर वर्षी. पहिल्या वर्षी विचारलं यांना, हे बरोबर आहे का. हे म्हणाले, रिकामी ओळ म्हणजे काही गुन्हा नाही. मलाही ते पटवून घ्यायचं होतं. तुझे सख्खे आजोबा तेव्हा फरिदाबादला फॅक्टरीत होते, संप चालू होता. मला नोकरी हवी होती.

तनया : यार, आजी!

शालिनी : पुढचंही ऐक. एशियाडच्या आधीचं वर्ष. गाझियाबादहून एक जण आला, महिपाल नावाचा. लेथवर काम करायचा, हाताला तेलाचा वास. छोट्या क्लबचा फॉर्म घेऊन आला, पाच वाजून पाच मिनिटांनी. बस बंद पडली म्हणाला. मी त्याला रजिस्टर दाखवलं. म्हटलं, भैया, लाइन खिंच गई. तो बाहेर बाकावर जाऊन बसला. बस मिळेपर्यंत म्हणून असेल. साडेसहाला मोठ्या क्लबचे सेक्रेटरी आले दोन फॉर्म घेऊन. मी ते वरच्या दोन ओळींत लिहिले.

तनया : आणि तो?

शालिनी : दार उघडं होतं. तो बघत होता.

तनया : मग काय केलं त्यानं?

शालिनी : उठून पाणी प्यायला. मग गेला.

दिनकर : हे मला कधी सांगितलं नाहीत.

शालिनी : तुम्ही तेव्हा सेक्रेटरींना जिन्यापर्यंत सोडायला गेला होतात.

तनया : म्हणजे मी जी आज आहे ना, ती तो होता. आणि तू त्या पोर्टलवाल्यांपैकी होतीस. वा. आणि मला लहानपणापासून सांगतेस, रांगेत घुसू नकोस.

शालिनी : बोल. बोलून घे. ऐकायलाच हवं मला.

तनया : मला काही बोलायचं नाही. मला फक्त खेळायचंय.

(खाली हायवेवरचे हॉर्न ऐकू येतात.)

दिनकर : माझं चुकलं. पोरीसमोर काढायला नको होतं.

शालिनी : बरं झालं काढलंत. घरी जाता जाता मलाच सांगावं लागलं असतं, आणि मेट्रोत मला मोठ्यानं बोलता येत नाही. आता तुम्ही एक सांगा. उद्याच्या निकालावर तुम्ही आधीच सही तर नाही ना केलीत?

दिनकर : काय बोलताय! सुनावणीच्या आधी निकाल कसा असेल?

शालिनी : समोर बसलेल्या माणसानं तोंड असं फिरवलं की मला भीती वाटते. दिनकरराव, इकडे बघा. कुठल्याही कागदावर सही केलीत?

दिनकर : निकालावर नाही.

शालिनी : मग कशावर?

दिनकर : अहो, गुरुग्रामहून तिकडे दर वेळी जाणं मला जमत नाही. लीगचे सेक्रेटरी बिचारे स्वतः येतात. दिवाळीलाही आले होते, सोनपापडी घेऊन. बैठकीच्या मिनिट्ससाठी म्हणून चार-पाच कागदांवर सह्या घेऊन ठेवतात. सोयीसाठी.

तनया : कोऱ्या कागदांवर?

दिनकर : लेटरहेड होतं.

तनया : म्हणजे कोऱ्याच ना, आजोबा!

शालिनी : शेवटचे कधी आले होते?

दिनकर : गेल्या आठवड्यात. शुक्रवारी.

शालिनी : आणि हिनं अपील केलं त्याच्या दोनच दिवस आधी, बुधवारी.

दिनकर : तुम्ही लगेच जोडू नका हो दोन गोष्टी. माझ्याशी इतकं आदरानं वागतात ते. बाकी या घरात मला विचारतं कोण? मुलगा इंद्रजित लॅपटॉपवर, सूनबाई लॅपटॉपवर. त्या लीगमध्ये अजून मला रजिस्ट्रारसाहेब म्हणतात.

शालिनी : म्हणून म्हणतात.

दिनकर : म्हणजे?

शालिनी : तुम्ही आता दोन ओळी आहात त्यांच्या. रिकाम्या. हवं ते लिहायला.

दिनकर : हे फार झालं, शालिनीबाई.

शालिनी : झालं असेल. मला आता गोड बोलायला वेळ नाही. मी तुम्हाला चोर म्हणत नाहीये. आले तेव्हा म्हणत होते मनात, खोटं कशाला बोलू? आता नाही म्हणत. पण तुमची सही तिकडे आहे आणि तुम्ही इकडे.

दिनकर : मग मी उद्या जाईन की! जाणारच होतो. ही केस खेळाडूची आहे म्हणून मुद्दाम म्हटलं, स्वतः येतो. मी तिथे बसलेला असताना कोण माझ्या नावावर काय लिहील? यादी ठेवा इथे. ते क्रमांक मी सगळ्यांसमोर विचारीन. उत्तर नाही मिळालं तर या मुलीच्या बाजूनं लिहीन. झालं समाधान?

तनया : खरंच, आजोबा?

दिनकर : खरंच. त्या लेथवाल्याची थोडी बाकी माझ्याकडेही आहे. उद्या अकराला मी तिथे असेन.

तनया : अकराला का? सुनावणी दहाला आहे.

दिनकर : अकरा. सेक्रेटरींनी काल फोन करून सांगितलं. म्हणाले, साहब, आराम से ग्यारह बजे आइए.

तनया : मला ईमेल आलाय. थांबा. हा बघा. सकाळी दहा, वेळेवर हजर राहावे, उशीर झाल्यास अर्ज रद्द समजला जाईल.

दिनकर : मोठं कर जरा. दहा. हो, दहाच आहे.

तनया : टायपिंग मिस्टेक असेल का?

दिनकर : अकराला मी पोचलो असतो, तर...

शालिनी : तर चहा मिळाला असता तुम्हाला. चांगला, गरम.

दिनकर : बाळ, गाडी बोलावता येते ना तुला फोनवरून? सकाळी आठची बोलाव. साडेसातची. तुम्ही दोघी परस्पर तिकडे या.

शालिनी : तनया येईल परस्पर. मी इथेच राहते आज.

दिनकर : इथे? अजून संशय आहे का माझ्यावर?

शालिनी : संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन येईल. म्हणतील, साहब, तबियत ठीक नहीं तो रहने दीजिए. आणि तुम्ही म्हणाल, बरं. तुम्हाला नाही म्हणता येत नाही, दिनकरराव. मलाही आलं नव्हतं. दोघं असलो तर कदाचित जमेल.

दिनकर : सूनबाईला काय सांगू? कोण आलंय म्हणून?

शालिनी : सांगा, जुन्या ऑफिसातल्या क्लार्कबाई आल्यात. थोडं काम राहिलंय त्यांचं.