तपासणी खोलीची कडी लावल्याबाबत

पुरवणी जबाब. नाव व पत्ता मंगळवारच्या जबाबात आहे तोच. वय २१ वर्षे. धंदा : रुग्णालयात मदतनीस, कंत्राटी. शिक्षण : कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडले.

मी आज गुरुवारी दुपारी सव्वाबारा वाजता स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की, मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी बायकांच्या वॉर्डाला लागून असलेल्या तपासणी खोलीत शिरलो आणि दाराची कडी आतून लावली. पुढचे सगळे त्या कडीमुळे झाले. माझ्या पहिल्या जबाबात कडीचा उल्लेख नाही. तो मी मुद्दाम टाळला.

कॉलेज का सोडले असे विचारल्यावरून सांगतो की, माझ्या मावशीला या वॉर्डात दाखल केले होते तेव्हा मी तिथल्या एका सिस्टरना पहिल्यांदा पाहिले. मावशी अकरा दिवसांनी घरी गेली. मी तिथे जातच राहिलो. मदतनिसाची जागा निघाली तेव्हा अर्ज केला. घरी सांगितले, अभ्यासात मन लागत नाही. सिस्टरना यातले काही ठाऊक नाही. त्या सगळ्याच मदतनिसांना दादा म्हणतात, मलाही म्हणतात. गेटवरचा रखवालदार मला म्हणायचा, "तोंडानं सिस्टर म्हणतोस आणि बघतोस कसा रे?" त्याच्याशी माझे एकदा भांडण झाले आहे.

गेल्या महिन्यात रुग्णालयात तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले. नातेवाईक चिडून अंगावर आले तर कर्मचाऱ्यांनी काय करायचे, हा विषय होता. शिकवायला निवृत्त मेट्रनबाई होत्या. आवाज खाली ठेवायचा, हात समोर दिसतील असे ठेवायचे, चिडलेला माणूस आणि दार यांच्या मध्ये उभे राहायचे नाही. आतून दोनदा घंटी वाजली की मदतनिसाने येऊन बाहेर थांबायचे, हाक मारल्याशिवाय आत जायचे नाही. हे सगळे नाटकासारखे करून घेतले. माझी उंची आणि आवाज बघून मेट्रनबाईंनी मला चिडका नातेवाईक केले. "याला शिकवायला नको, हा घरूनच तयार होऊन आलाय," म्हणाल्या. सगळे हसले. मी सिस्टरवर ओरडायचो आणि त्या हळू आवाजात म्हणायच्या, "तुमचं बरोबर आहे. बसा, मी ऐकते." तिन्ही दिवस मी तेच काम मागून घेतले. मदतनिसाचे काम एकदाही केले नाही. हजेरीपत्रकावर सही तिन्ही दिवसांची आहे.

मंगळवारी दोनदा घंटी वाजली. मी गेलो. दार अर्धे उघडे होते. आत सिस्टर आणि नऊ नंबरच्या खाटेवरच्या म्हातारीचा मुलगा होता. तो वेल्डिंगचे काम करतो, वय पंचेचाळीसच्या आसपास. आईच्या खुब्याचे हाड मोडलेले, ऑपरेशन तीनदा पुढे ढकललेले. तो मोठ्याने म्हणत होता, "म्हातारीला तीन वेळा उपाशी ठेवलंत! रोज उद्या, रोज उद्या! तुमचा उद्या उजाडतो तरी कधी?"

सिस्टर म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. बसा, मी ऐकते."

हे वाक्य ऐकून मी आत गेलो. मला कुणी हाक मारली नव्हती.

तोवर त्या माणसाचा आवाज खाली आला होता. तो रुमालाने तोंड पुसत होता. सिस्टर म्हणत होत्या, "चला काका, बाहेर बाकावर बसू. तुमच्यासमोर डॉक्टरांना फोन लावते." तो दाराकडे वळला. मी कडी लावून दारासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "ए, आवाज कुणावर चढवतोस?"

तो म्हणाला, "बाजूला हो रे बाळा. बाईंशी माझं बोलणं झालंय."

सिस्टर म्हणाल्या, "दादा, दार उघडा." पुन्हा एकदा म्हणाल्या. मला दोन्ही वेळा ऐकू आले. मी त्याची कॉलर धरून त्याला मागे ढकलले. तो सिस्टरच्या अंगावर गेला. दोघे ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर पडले. सिस्टरचा डावा हात खाली सापडला. तो माणूस आधी उठला आणि म्हणाला, "बाई, लागलं का?" त्याने हात उगारला नाही. शिवी दिली नाही.

मी कडी काढून बाहेर ओरडलो, "सिस्टरला मारलं!" रखवालदार धावत आले. त्यांनी त्याला मारले. मी बघत होतो. त्यानंतर, त्याने सिस्टरचा हात पिरगळला असा जबाब मी इथेच दिला. तो खोटा आहे. त्यावरूनच त्याला अटक झाली आहे.

सिस्टरच्या मनगटावर काल शस्त्रक्रिया झाली. त्यांचा जबाब आज चार वाजता घेणार आहेत. सकाळी मी त्यांना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "नऊ नंबरच्या आजींचं ऑपरेशन आज तीनला ठरलंय. संमतीची सही करायला मुलाशिवाय कुणी नाही. त्या सारख्या विचारतात, माझा मुलगा कुठं गेला? दादा, मी काय सांगू?"

मी म्हणालो, "मी तुमच्यासाठी केलं."

त्या म्हणाल्या, "मी दार उघडा म्हटलं होतं."

नंतर त्यांनी तोंड भिंतीकडे केले. मी तिथून थेट इथे आलो.

त्या माणसाला तीनच्या आत रुग्णालयात पोचू द्यावे, एवढेच माझे मागणे आहे. माझ्यावर जी कारवाई होईल ती होवो.

लेखनिकसाहेबांनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. ढकलल्याच्या ठिकाणी त्यांनी 'रागाच्या भरात' असे लिहिले होते. ते मी खोडायला सांगितले. राग मला नेहमी येतो, त्या वेळी आला नव्हता. सिस्टरना दिसावे म्हणून ढकलले. तसे समासात लिहून घेतले आहे, त्यावर माझी वेगळी सही आहे. बाकी मी सांगितले तसेच उतरले आहे.