रिकामी पुडी

माझं नाव शकुंतला, पण इथं सगळे अक्काच म्हणतात. आमची माणसं बंगळुरात किती पिढ्यांपूर्वी आली ते कुणालाच धड सांगता येत नाही, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, असंच वाढलो. वडील बनशंकरीत शिंपीकाम करायचे, तो हात माझ्यात उतरला, त्याच्यावरच ह्या वनस्पतींच्या संग्रहालयात काम मिळालं. वाळवलेली फांदी जाड कागदावर दोऱ्यानं शिवायची, गळलेली फुलं पुडीत घालून कोपऱ्यात चिकटवायची.

काय सांगू तुम्हाला, आमच्या मॅडम पुण्याच्या, त्यांना घाटातल्या जंगलात एक झाड सापडलं, दालचिनी-तमालपत्राच्या कुळातलं, पण कुठल्याच पुस्तकात न बसणारं. फळं मिळाली, फूल मिळेना. आणि ह्या कुळात फुलाशिवाय काही ठरत नाही, पुंकेसरांना बारीक झडपा असतात, त्या दोन का चार ते मोजावं लागतं. पाच वर्षं हेलपाटे घातले, तेव्हा मूठभर फुलं मिळाली. ती फांदी मी शिवली, फुलं पुडीत घातली. आणि आठ दिवसांनी मॅडम म्हणाल्या, अक्का, पुडी रिकामी आहे हो.

मी टेबलाखाली वाकून बघितलं. वाटलं, टेबल पुसताना केरात गेली असणार. मॅडम रागावल्या नाहीत, पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या, ते जास्त लागलं, कारण त्या झाडाजवळचा रस्ता रुंद व्हायचा होता, पुढच्या वर्षी झाड असेल का कुणी सांगावं.

घरी जेवण जाईना. आमचे हे म्हणाले, त्या दिवशी अजून काय शिवलंस ते बघ. सकाळी वही बघितली, तेरा फांद्या. एकेक कपाटातनं काढली, पुडी उघडायची, बघायची, मिटायची. अकरावी जांभळाची, तिला फुलं नव्हतीच, पण पुडी भरलेली. बारीक, पिवळसर, केसाळ फुलं. मीच भरलेली पुडी भलत्या कागदावर चिकटवली होती.

मॅडमना जाऊन सांगितलं, चूक माझी. त्यांनी एक फूल गरम पाण्यात मऊ केलं, भिंगाखाली धरलं, सुईच्या टोकानं झडपा मोजल्या. मग म्हणाल्या, दोन. पुन्हा बघितलं, दोनच, ह्याच्या जवळच्या नात्यातल्या सगळ्या झाडांना चार असतात. नवीनच आहे हे, अक्का. मी स्टुलावर बसून रडले. त्या आमच्या कन्नडात म्हणाल्या, सरी, आता स्वल्प कॉफी घेऊ, म्हणजे बरं, थोडी कॉफी घेऊ.

झाडाला नाव मिळालं, त्यामुळं रस्ताही झाड सोडून थोडा अलीकडून नेला. गेल्या महिन्यात मॅडमनी मला तिथं नेलं. इतकी वर्षं नुसत्या फांद्या शिवल्या, अख्खं झाड पहिल्यांदा बघितलं. खोडाला हात लावून म्हटलं, उभा राहा रे बाबा, पोराबाळांनी वाढ.