कोपरा फाटलेलं कार्ड

माह्यं माहेर मेहकराकडचं. जातीनं आमी माळी, नदीच्या कडंनं बापाचा मळा होता, मोटंच्या आवाजावर उठाचं अन् हात थकले की निजाचं, असं ते लहानपण. शाळा गावात होती पर ती भावाईसाठी होती, मले कोनी जाऊ नोको म्हनलं नाई अन् कोनी जा बी म्हनलं नाई, तशीच राह्यली. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या साली लगन झालं अन् मी अथी मोताळ्याकडं आली. दोन एकर वावर, एक विहीर, वांगी, मेथी, मिरची, अन् त्याच्यावर तीन भाऊ. आमचे मालक मधले. एका ताटात तिघं जेवाले बसले तं मधल्याचाच हात आखडते, म्हनून ते पलटणीत गेले. तथी ट्रक चालवाले शिकले. गावात तवा ट्रक कोनी धड पाह्यला नव्हता, अन् माहा नवरा चालवत होता, काय सांगू तुमाले, मी बाजारात भाजीची पाटी घेऊन बसली तं पाठ ताठ राहे.

त्याईचे कार्डं येत. सासूले वाचता येईना, मले येईना, तं गणपत मास्तर चावडीवर वाचून दाखवत. मास्तर मानूस चांगला, पर आवाज असा की वर्गात शंभर पोरं बसल्यावानी. एकदा मालकानं लिवलं, गिरजाले म्हना थंडीत पहाटं पानी देऊ नोको, तिच्या अंगात कणकण येते. हे मास्तरनं दहा मानसाईत वाचलं. आठ दिवस बाया इचारत, काऊन वो गिरजे, आज पानी दिलं का, कणकण आली का? मले लाज बी वाटे अन् बरं बी वाटे, पर मनात म्हनलं, माह्या नवऱ्याचं बोलणं मले गावाच्या मागून काऊन ऐकाव लागते? मास्तरीणबाई दुपारी मारुतीच्या पारावर बायाईले शिकवत, मी जाऊ लागली. सासू म्हने, वांग्याले अक्षरं लागत नाईत. मी म्हनलं, मले लागतात. दोन सालं लागले. जोडाक्षरावर आली की अजून बी ठेचकाळत होती, पर वाचाले आलं.

अन् मग लढाई लागली. चीनची नोहे, तिच्या नंतरची, पाकिस्तानसंगची. पंचायतीत सरकारनं रेडिओ देला होता, तो चावडीत, अन् चावडीत दोन पार्ट्या. सरपंच दौलत पाटील सरकारच्या पार्टीचे, अन् मास्तर विरोधातले. पहिले तीन दिवस तं याच्यावरच गेले का हुकूम कोनाचा, राष्ट्रपतीचा का पंतप्रधानाचा. पाटील म्हनत सही राष्ट्रपतीची लागते, मास्तर म्हनत सही त्याची पर डोकं दुसऱ्याचं. ते सरलं तं मग हुकूम बरोबर का चूक. पाटील म्हनत, घरात घुसला तं हाकलणारच, दिल्लीनं मर्दाचं काम केलं. मास्तर म्हनत, बोलून मिटवता आलं असतं, हुकूम देणारे गादीवर राह्यतात अन् गोळी गरिबाच्या लेकराले लागते, तुमचा पोरगा कोनत्या पलटणीत हाये पाटील? पाटील म्हनत, तो नागपुरात वकिली शिकून राह्यला. मग मास्तर नुसते हसत, अन् पाटील म्हनत, तुमी शाळेत शिरलेल्या बकरीले भेता, तुमाले लढाईचं काय कळते?

आता गावातून लढाईवर एकच मानूस, तो आमचा. म्हनून दोघंही माह्याकडं. पाटलाले ठराव करून दिल्लीले धाडाचा होता का आमचं गाव या निर्णयाच्या पाठीशी हाये, त्यासाठी मी सभेत खुर्चीवर बसाव. मास्तरले अर्ज धाडाचा होता का लढाई थांबवा, त्यावर माहा अंगठा पाह्यजे. दोघं एकाच सकाळी वावरात आले, एक वांग्याच्या ओळीच्या या टोकाले, एक त्या टोकाले. गिरजे तूच सांग, तुहा मानूस तथी हाये, बरोबर का चूक? मी म्हनलं, वांगी शेरभर देऊ का दोन शेर? खोटं काऊन बोलू, मले नवऱ्याचा गर्व होता, लढाईचं काही समजत नव्हतं. अन् गर्व असला तरी जेवण गिळवत नाई.

महिना झाला, कार्ड नाई. डाक घेऊन करीमचाचा रोहिणखेडाकडून पायी येत. लढाई लागल्यापासून गावातले काही जण त्याईले वाकडं पाहत, अन् त्याईच्याच थैलीची वाट बी पाहत. मी वाट पाहे, तं ते दुरूनच हात हलवून नाई म्हनत, म्हंजे मले रस्त्यावर याव लागू नये.

मग एक दिवस कार्ड आलं, अन् त्याचा कोपरा फाटलेला. तुमी शहरातून हे लिवून घ्याले आले, तुमाले ठाऊक नसन तं सांगते. मानूस गेल्याचं कार्ड धाडाचं तं त्याचा कोपरा फाडाचा, म्हंजे हातात घेताच समजते, मग ते उंबऱ्याच्या आत नेत नाईत, बाहेरच वाचतात अन् फाडून टाकतात. करीमचाचाचा पाय आमच्या घराकडं उचलंना. ते चावडीवर गेले, का मोठ्या मानसानं घरी जाऊन सांगाव. पाटलानं कोपरा पाह्यला, टोपी काढली, कार्ड मास्तरच्या हाती देलं, मास्तरनं कोपरा पाह्यला, चष्मा काढला. अन् दोघाईचं सुरू झालं. पाटील म्हनत, पोरगा देशाच्या कामी आला, आपल्या भूमिकेची लाज राखली, शाळेले त्याचं नाव देऊ. मास्तर म्हनत, तुमच्या भूमिकेनंच त्याले खाल्लं, शोकसभा आमी घेऊ. मग सभेचा अध्यक्ष कोन, याच्यावर आवाज चढले. पाटलानं तं मोताळ्याले हारासाठी मानूस बी धाडला.

गावात बातमी पाण्यावानी पसरते. मी मिरची तोडून राह्यली होती, सासूचा हंबरडा ऐकू आला. घरी गेली तं अंगणात बाया जमलेल्या, सासू भुईवर, अन् चुलतसासूनं माहा हात धरला, दुसऱ्या हातात तिच्या दगड, बांगड्या फोडाले. कोनी तरी कुंकवाकडं हात नेला. मी म्हनलं, थांबा. कार्ड कुठं हाये? म्हने, चावडीवर. काय लिवलं हाये त्याच्यात? कोनाले ठाऊक नाई. म्हने, कोपरा फाटला हाये, आता वाचाचं काय राह्यलं? मी हात सोडवून घेतला.

सासऱ्यासारख्या मानसाईपुढं चावडीची पायरी तवा सून चढत नव्हती. मी चढली. पदर डोक्यावर होता का नाई, देवाले ठाऊक. म्हनलं, माह्यं कार्ड द्या. पाटील म्हने, सूनबाई, तू नोको पाहू, आमी हावो. मास्तर म्हने, बस, मी वाचतो. अन् चष्मा शोधू लागले. मी त्याईच्या हातातून घेतलं. पानी लागून शाई पसरली होती. ओळीवर बोट ठेवलं तरी अक्षरं पळत. मी एकेक अक्षर धरून मोठ्यानं वाचलं. मी खु-शा-ल हाये. कार्ड ओलं झालं अन् कोपरा माह्याच हातानं फाटला, दुसरं कार्ड भेटत नाई, म्हनून घाबरू नोका, आईले पहिलं सांगा.

पहिल्याच ओळीत होतं, पहिल्याच. गावातले शिकलेले दोन शहाणे, दोघाईच्या हातातून ते कार्ड गेलं, अन् दोघाईनं कोपराच वाचला.

करीमचाचा पायरीवर बसून डोळे पुसून राह्यले होते. मी म्हनलं, लढाई बरोबर का चूक, ते तुमी ठरवा, तुमी मोठे हा. पर माह्या मानसाचं कार्ड अथून पुढं पहिलं मी वाचीन. आवाज माहा होता का कोनाचा होता, मले आजही नवल वाटते. मी खाली उतरली अन् घरी जाऊन सासूले वाचून दाखवलं. तिनं तीन डाव वाचाले लावलं. चौथ्या डावाले म्हने, अक्षरं लागतात बाई.

हार आले ते मारुतीले घातले. पाटील म्हने, मानसं जमलीच हायेत तं ठराव करून घेऊ का? मास्तरनंही त्या दिवशी हो म्हनलं, लाजेनं असन. पर लाज आठ दिवसच टिकली. लढाई थांबल्याचं रेडिओनं सांगतलं तं पाटील म्हनू लागले, शांतता राखली, दिल्लीचं डोकं थोर, अन् मास्तर म्हनू लागले, जिंकत होतो तं थांबले काऊन? मी दोघाईले मेथी देली.

मालक पुढच्या साली सुट्टीवर आले. दोन्ही पार्ट्या ओसरीत येऊन बसल्या, सांग, बरोबर झालं का नाई? ते म्हनाले, हुकूम आला तवा आमी जेवत होतो, ताट तसंच राह्यलं. दुसऱ्याच्या बाईले कार्ड लिवाची पाळी माह्यावर दोनदा आली, त्याईचे कोपरे मी फाडले. बस, एवढंच बोलले. मग दोन्ही पार्ट्या उठून गेल्या. पलटणीतून सुटून आले, अन् माह्याच खाटंवर, माह्याच पुढं गेले, त्याले आता लय वर्सं झाले.

त्या दिवसापासून बाया माह्याकडं येऊ लागल्या. कोनाचा लेक सुरतेले, कोनाचा नवरा कोळशाच्या खाणीत, कोनाची लेक सासरी रडून राह्यलेली. वांग्याच्या वावरात बसून, हळू आवाजात, जिचं तिले वाचून दाखवलं. मास्तरीणबाई म्हनत, गिरजे, तू माह्यी पहिल्या नंबरची. मास्तर नुसते खाकरत. आता कोनाले पत्र येत नाई, अन् डोळेही राह्यले नाईत. त्या पत्राईत काय काय होतं ते इचारू नोका, सासूनं इचारलं तिले सांगतलं नाई, मालकाले सांगतलं नाई, तुमाले बी नाई सांगणार. बाकी समदं लिवा, तुमचं कल्याण होवो.