सगळं आहे हो त्यात, फक्त सापडत नाही

...आणि नवस बोलताना मुदत बोलायची राहिली, तिथंच माझं चुकलं बघा. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा आमच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. आमचे हे, म्हणजे लातूरचे बायोलॉजीचे रेणुकादास सर, कॉलेजातली पोरं घेऊन किल्लारीकडं दगड उपसायला गेले ते नवव्या दिवशी घरी आले, दोन्ही हातांना पट्ट्या, बोटं अशी सुजलेली की घास मोडता येईना. मी म्हणलं, देवा, हे हात बरे होऊ दे, पाच चातुर्मास रोज तेहतीस गोपद्मं काढीन. रांगोळीची गाईची पावलं हो. काढली. माहेरी भोकरला गेले तर तिथल्या अंगणात काढली. हात बरे झाले, आणि पुढं पंचवीस वर्षं त्या हातांनी ह्यांनी फळ्यावर माणसाचं हृदय काढलं, डस्टर म्हणून लावायचे नाहीत. पण हात किती वर्षं बरे राहू दे, ते मी बोललेच नव्हते ना. देवानं तरी काय करावं, मागितलं तेवढं दिलं.

गेल्या वर्षापासून संध्येला बसले की पळीतलं पाणी ताम्हणाबाहेर सांडायला लागलं. मी पुसून घ्यायची. मग हे घरातसुद्धा उजवा हात झब्ब्याच्या खिशात घालून फिरायला लागले. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, गोळ्यांनी आवरंल, जाणार नाही. बरं, रिटायर झालेला माणूस, हात थरथरला तर थरथरला, असं तुम्ही म्हणाल... पण हे एका क्लासमध्ये शिकवतात ना. आमच्या लातुरात आता दोन घरांमागं एक क्लास, आणि मधल्या घरात त्या पोरांची खानावळ. तिथले डायरेक्टर मोठे गोड बोलणारे. "सर, फळ्यापाशी उगं कशाला त्रास घेता, स्क्रीन आहे ना आपल्याकडं. दसऱ्यापर्यंत तुमच्या बारा आकृत्या कॉम्प्युटरवर करून आणा. नाही जमलं तर हैदराबादच्या सरांचा सेट आहेच... आणि ते सरही आहेतच."

कळलं का? मला कळलं. ह्यांना तर तिथंच कळलं. घरी आले, चहा घेतला नाही, म्हणाले, "शिकवणं आता थांबवावं म्हणतो." अहो, वांगं चिरताना मला बिया कुठून लटकतात ते दाखवणारा हा माणूस, शिकवणं थांबवून दिवसभर करणार काय? मी म्हणलं, तुम्ही सांगा, मी काढते. रांगोळी येते की मला.

तर आधी आला शरणप्पा. ह्यांचाच विद्यार्थी, बारावीला दोनदा बसलेला, पण माणूस सोन्याचा, आता चौकात फ्लेक्सचं दुकान आहे आणि पोटही दुकानाच्या मापाचं. पेनड्राइव्ह पुढं केला. "काकू, हे घ्या, जगातलं भारी सॉफ्टवेअर, फुकट." फुकट कसं रे? "क्रॅक आहे की." म्हणजे? "म्हणजे... कुलूप काढलेलं." कोणी काढलं? "ते कुणाला ठावं काकू, सगळं गाव हेच वापरून राहिलंय." आणि वर सांगतो, टाकण्याआधी अँटिव्हायरस तेवढा बंद करा. म्हणजे राखणीचं कुत्रं आपणच बांधायचं आणि चोराला या बसा म्हणायचं. मी म्हणलं, शरणप्पा, सरांच्या कामाला चोरीची वस्तू नको. तर म्हणतो, "हाव काकू, आणि सकाळी सकाळी आमच्या कुंपणातली जास्वंद?" फुलांचं वेगळं असतं. फुलं देवाची असतात. पण खोटं कशाला बोलू, त्याच्या दुकानात बघितलं होतं ते मी, हात जाईल तिथं हत्यार, जशी सुगरणीची ओट्यावरची मांडणी. सरळ मार्गानं घ्यावं म्हणलं तर त्याला दरवर्षी भाडं, आणि ते थांबलं की आपलं काम अडलं.

मग लेकीला फोन. अपूर्वा पुण्याला नोकरीला आहे. "आई, कशाला काही टाकत बसतेस, ऑनलाइन उघड, सगळं तयार मिळतं." उघडलं. काय देखणं हो ते... हळदीकुंकवाचं आमंत्रण, डोहाळजेवणाचं आमंत्रण, नुसतं नाव घालायचं. मी 'हार्ट' लिहून शोधलं तर बदामच बदाम, गुलाबी, पंखवाले, बाण लागलेले. त्यातला त्यात सभ्य बघून एक ह्यांना दाखवला. ह्यांनी चष्मा वर केला, म्हणाले, "ह्यात झडपा कुठंयत?" खरं हृदय एक सापडलं तर त्याच्या डोक्यावर बारीक मुकुट. मुकुट दिसला की समजायचं, दक्षिणा आहे. दक्षिणा न ठेवता उचललं तर चित्रावर आडवी पुसट अक्षरं. आणि आमच्याकडं लाईट गेली की नेट जातं, नेट गेलं की हृदय बंद.

शेवटी माझा धाकटा भाऊ अंबरीश. नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, पण लोकांनी मिळून केलेल्या सॉफ्टवेअरवर बोलायला लागला की कीर्तनकार. "ताई, हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरच्या लोकांनी फावल्या वेळात केलं आणि सगळ्यांसाठी ठेवून दिलं. चोरी नाही, भाडं नाही." मला एकदम नांदेडचा लंगर आठवला, डोळ्यांत पाणीच आलं. हात जोडून उघडलं... तर तुम्हाला सांगते, लंगरात निदान ताट कुठून घ्यायचं ते सांगायला माणूस उभा असतो. इथं कोठार उघडं, पोती भरलेली, माणूस कुणी नाही. रेष लाल करायला लाल रंगावर टिचकी मारली, अख्खं हृदय आतून लाल. अंबरीशला फोन. "शिफ्ट दाबून मार ना ताई." हे कुठं लिहिलंय? "आहे ना, सगळं आहे त्यात." सगळं आहे हो त्यात, फक्त सापडत नाही. एकदा काय दाबलं गेलं काय की, उजवीकडची सगळी अवजारं गेली ती चार दिवस आलीच नाहीत. सेव्ह केलं आणि शरणप्पाला पाठवलं, त्याच्याकडं उघडेना. सेव्ह म्हणजे चित्र नव्हे म्हणे, चित्र पाहिजे तर एक्सपोर्ट, आणि ते दुसऱ्याच दारातून. मी म्हणलं, अंबरीश, ह्या लोकांच्या घरी पाहुणे येत नाहीत का रे?

मग एक दिवस चुकून रेषेवर दोनदा टिचकी बसली आणि रेषेवर बारीक बारीक चौकोन उमटले. बघते तर काय... ठिपके. अहो, ठिपक्यांचीच रांगोळी ही. ठिपका धरला की त्याला दोन कान फुटतात, कान ओढला की रेष वळते. एवढंच होतं, तर आधी सांगायचं नाही का? मी एकटीच हसत बसले. त्या दिवसापासून हे शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. "डावा कप्पा जाड कर, त्याला अख्ख्या अंगाला रक्त ढकलायचंय." मी डावीकडं जाड केला. "तो उजवा." अहो, माझ्या डावीकडं आहे. "तुझी डावी नाही, त्याची डावी. तो आपल्याकडं तोंड करून उभा आहे." कोण तो? "ज्याचं हृदय आहे तो." असं आमचं चाले.

रक्तपेशी तर मी एकेक करून दोनशे काढल्या. अंबरीश फोनवर हसायला लागला, "ताई, एक काढायची आणि कॉपी मारायची." मी म्हणलं, बाबा, एक गोपद्म काढून बत्तीस कॉपी मारले असते तर देवानं हातसुद्धा एकच बरा केला असता.

हृदय झालं. ह्यांनी बघितलं, म्हणाले, "चांगलं झालंय." एवढी वर्षं संसार केलाय, हे 'चांगलं' म्हणतात तेव्हा कायतरी राहिलेलं असतं. मग म्हणाले, "महाधमनीची कमान... माझी अशी नसते. मी एका दमात काढतो." मग काढा की. हात खिशातच. मी माऊस पुढं सरकवला आणि उठून कुकर बघायला गेले. परत आले तर पडद्यावर रेष उमटलेली होती, भूकंपाच्या यंत्रातल्या कागदावर असते तशी, नुसती दातऱ्यादातऱ्यांची. माऊस बाजूला ठेवलेला. हात परत खिशात.

मी स्वयंपाकघरात जाऊन अंबरीशला फोन लावला, हळू आवाजात. तो म्हणाला, "ताई, ती रेष निवड आणि कंट्रोल आणि एल, एवढंच दाब."

दाबलं.

थरथर गेली. कमान राहिली. आणि ती माझी नव्हती हो, ह्यांचीच होती, वर जराशी दमदार, उतरताना आत कललेली, पंचवीस वर्षं पोरांच्या वह्यांत गेलेली. हे म्हणाले, "ही कुणी काढली?" तुम्हीच की. "परत दाखव." मी मागं नेलं, थरथर आली. दाबलं, गेली. आठदहा वेळा करायला लावलं. मग स्वतः दाबून बघितलं. महिनाभर ती कळ आमच्या बोटाखाली होती. सगळं होतं हो त्यात.

बाकीच्या अकरा आकृत्या ह्यांनीच काढल्या, मला खुर्चीपण मिळाली नाही. दसऱ्याच्या आधी नेऊन दिल्या. डायरेक्टर म्हणाले, "सर, कुठल्या कंपनीकडून करून घेतल्या?" हे म्हणाले, "घरची आहे कंपनी." बॅच ह्यांच्याकडंच राहिली. क्लासमध्ये हात खिशात घालतात अजून, पण घरात नाही घालत.

मला राहवेना. मी त्या सॉफ्टवेअरवाल्यांना पत्र सांगितलं, अंबरीशनं इंग्रजी केलं. तुमचं भलं होवो, पण ती कळ लोकांना दिसंल अशी ठेवा, ज्याचा हात थरथरतो त्यानं शोधत किती फिरायचं. तिसऱ्या दिवशी उत्तर. कुठल्याशा थंड देशातला माणूस, फार अदबीनं लिहिलं होतं, सूचना उत्तम आहे, आमच्याकडं माणसं कमी आहेत, तुम्हीच करा ना. पंगतीत मीठ कमी आहे म्हणावं आणि आचाऱ्यानं झाराच हातात द्यावा, तसं झालं.

मग अंबरीशनं सांगितलं, त्यातले पुष्कळ शब्द मराठीत व्हायचे राहिलेत, तेवढं तरी कर. आता आम्ही रोज जेवणं झाली की पाच शब्द करतो. पाचच होतात, कारण हे प्रत्येक शब्दाला शास्त्रशुद्ध काहीतरी सुचवतात आणि मी म्हणते, हे माझ्या जावेला कळंल का? त्या कळीच्या नावावरून तर चार दिवस भांडलो. ह्यांचं म्हणणं 'सुलभीकरण', माझं म्हणणं 'रेष नितळ करा'. माझंच पाठवलं.

अजून शब्द हजारांनी आहेत. ह्या चालीनं दोघं एकशेदहा वर्षं जगलो तरच संपतील. म्हणून म्हणते, तुम्ही ऐकताय तर एवढं करा बायांनो, यंदाच्या चातुर्मासात रोज दोन शब्द तुम्हीही धरा, कांदा-लसूण सोडण्यापेक्षा सोपं आहे. फक्त ते शब्द कुठं भरायचे ती जागा तुमची तुम्ही शोधू नका. घरी या, मी बसून दाखवते.